साठ किलोमीटरवरचा समुद्र

मे महिना लागला, की आमच्या अंबरनाथमध्ये गावाकडची माणसे उतरू लागतात. कुणाची बहीण लातूरहून, कुणाचा मेहुणा जळगावहून, कुणाचे चुलते साताऱ्याहून. बॅगा भिंतीला लागतात, चहा होतो आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो, "आलोच आहोत तर मुंबई बघून घेऊ. काय काय बघायचं?" घरातला एखादा शहाणा वहीचा कागद फाडून यादी करायला बसतो. गेटवे, ताज, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, राणीची बाग, महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू आणि वेळ उरलाच तर एखाद्या नटाचा बंगला, बाहेरून. दहा ठिकाणे, एक दिवस!

रात्री मंडळी परततात तेव्हा मुले खांद्यावर झोपलेली असतात, बायकांचे डोके चढलेले असते आणि पुरुषांचे टॅक्सीवाल्याशी भांडून झालेले असते. विचारावे, "काय पाहिलंत?" उत्तर येते, "सगळं पाहिलं. पण मुंबई काही आपल्यासारख्यांची नाही बुवा!"

यादी करणाऱ्या शहाण्यांत मी पुष्कळ वर्षे होतो. आता मात्र माझे मत पार बदलले आहे, आणि ते बदलायला कारण झाल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या घरच्या वहिनी.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आम्ही दोघांनी एकाच खात्यात वर्षानुवर्षे काम केले. मी निवृत्त झालो, त्याची अजून काही वर्षे आहेत. एकदा त्याच्याकडे सहज गेलो असता टीव्हीवर मरीन ड्राइव्ह दाखवत होते. वहिनी कांदा चिरता चिरता थांबून बघत राहिल्या. मी विचारले, "वहिनी, मुंबई बघितलीत ना?"

"बघितली की भाऊजी. दोनदा."

"काय काय बघितलं?"

"परळ," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना परळच्या एका मोठ्या इस्पितळात नेले होते तेव्हा एकदा आणि नंतर स्वतःच्या भावाच्या आजारपणात एकदा. स्टेशनचा पूल, इस्पितळाचा व्हरांडा, औषधांचे दुकान आणि परतीची गाडी. लग्न होऊन अंबरनाथला आल्याला त्यांना एकोणीस वर्षे झाली होती. समुद्र काही पाहिला नव्हता.

त्या सांगत होत्या त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि मला तेच लागले. घरी जाताना आमच्या आळीतली घरे मनातल्या मनात मोजली. ज्यांची मुंबईची पहिली भेट कुणाच्या तरी आजारपणात किंवा सरकारी कचेरीतल्या कामासाठी झाली, अशी सात घरे निघाली. अंबरनाथपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण साठ किलोमीटर. गाडीने दीड तास. गावाकडच्या पाहुण्याला आठशे मैलांवरून आल्यासारखी आम्ही मुंबई दाखवतो आणि घरातल्या माणसाला दीड तासावरचा समुद्र दाखवायचा राहून जातो.

असे का होते? पैसा हे एक कारण आहेच, पण आमच्याकडे आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी. विजेचा भार सगळ्या औद्योगिक वसाहतींवर एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्यांचे वार वाटून देण्याची पद्धत पडली, आणि आमच्या वाट्याला शुक्रवार आला. शाळा मात्र रविवारी बंद. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा मुले शाळेत, आणि मुले घरी असतात तेव्हा बाप यंत्रापाशी. त्यात आईही कुठे पॅकिंगच्या कामाला जात असली, की चौघांनी मिळून सकाळचा चहा घ्यायचा तर दिवाळीच यावी लागते. अशा घराने मुंबईला जायचे कधी?

एखादा म्हणेल, जन्मात एकदाच जायचे असेल तर यादीच बरी, निदान सगळे डोळ्यांखालून तरी जाईल! हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मला वाटते, घोटाळा नेमका तिथेच आहे. 'पुन्हा कुठे येणं होतंय' या धास्तीतून ती दहा ठिकाणांची यादी जन्मते, आणि त्या यादीने माणूस इतका दमतो की खरोखरच पुन्हा येत नाही. पहिल्या भेटीत शहर संपवायचे नसते, त्याच्याशी ओळख करून घ्यायची असते. पहिली भेट चांगली झाली की नाही, हे दुसरी भेट झाली की नाही यावरून ठरवावे.

तेव्हा माझी यादी आता तीनच गोष्टींची आहे. गेल्या हिवाळ्यात सहकाऱ्याने एका शुक्रवारी कामावर जाऊन रविवारची बदली सुटी मिळवली. तो, वहिनी, दोन मुले आणि वाटाड्या म्हणून मी, असे आम्ही निघालो. त्याच दिवसाच्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्टेशन. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून सकाळी लवकरची गाडी धरावी. मुलांना खिडकी द्यावी. गाडी ठाण्याला आली की त्यांना सांगावे, की हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती इथवर आली होती, ३४ किलोमीटर. मग टर्मिनसला उतरल्यावर गर्दीबरोबर पळू नये. आपण आयुष्यभर स्टेशनातून बाहेर पडतो, स्टेशन बघत कधीच नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहावे आणि दहा मिनिटे नुसते बघावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला दहा वर्षे लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. दगडात कोरलेले प्राणी, पाने आणि पक्षी मुलांना शोधायला लावावेत. सहकाऱ्याच्या धाकट्याने तिथे एक माकड शोधले आणि दिवसभर 'मला पहिल्यांदा दिसलं' हेच सांगत राहिला.

दुसरी गोष्ट घारापुरी. गेटवेवरून लाँचने तासाभराचा रस्ता. गेटवे बघायला वेगळे जायची गरजच उरत नाही, तिथूनच निघायचे असते. १९२४ मध्ये ही कमान खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालूनच परत गेली, एवढे सांगितले तरी मुलांना पुरते. लाँचमध्ये मात्र एका गोष्टीत तडजोड करू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या एका प्रवासी लाँचला नौदलाच्या बोटीची धडक बसून डझनाहून अधिक माणसे गेली. तेव्हा गच्च भरलेल्या लाँचमध्ये चढू नये आणि बसल्याबरोबर प्रत्येकाने लाइफजॅकेट मागून घ्यावे. कुणी हसले तर हसू द्यावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात, सोमवारी लेणी बंद असतात. तेव्हा हिवाळ्यातला दुसरा कोणताही वार धरावा.

घारापुरीच का? त्याचे उत्तर आमच्या अंबरनाथमध्येच आहे. आमचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात शिरताना जो गारवा लागतो तो आमच्या मुलांच्या ओळखीचा आहे. घारापुरीची मुख्य लेणी त्याहून सुमारे पाचशे वर्षे जुनी. देव तोच. तिथली तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती वीस फूट उंच आहे, आणि ती बाहेरून आणून बसवलेली नाही, डोंगरातच कोरलेली आहे. वहिनी हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या देवळासारखाच अंधार आहे इथं." मुंबई ही त्या क्षणी त्यांना परक्याची वाटेनाशी झाली असावी. पायऱ्या शंभराहून जास्त आहेत, म्हाताऱ्या माणसांना घाई करू नये. आणि डबा उघडताना आजूबाजूला बघावे, तिथली माकडे आपल्यापेक्षा भुकेली असतात.

तिसरी गोष्ट समुद्र. इथे मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. समुद्र 'बघून' होत नाही. टॅक्सी थांबवून फोटो काढला आणि निघाले, याला समुद्र पाहणे म्हणत नाहीत. गिरगाव चौपाटीवर चार-साडेचारला पोहोचावे, वाळूवर चादर अंथरावी आणि सूर्य बुडेपर्यंत उठू नये. लोकमान्यांचा अंत्यसंस्कार १ ऑगस्ट १९२० रोजी याच वाळूवर झाला, त्यांचा पुतळा तिथे आहे, त्याला नमस्कार करावा. भेळ खावी. समुद्राला तिकीट नाही. मलबार हिलवर राहणाऱ्याला तो जेवढा दिसतो तेवढाच आमच्या मोरिवलीच्या माणसालाही दिसतो.

जाण्यापूर्वी भरती-ओहोटी मात्र बघावी. कोकणातली जुनी माणसे त्यासाठी एक सोपा हिशेब सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच. आपण गेलो तेव्हा पाणी पुढे येते आहे की मागे जाते आहे, हे माहीत असले म्हणजे मुलांना पाण्याच्या कडेला सोडताना जीव टांगणीला लागत नाही. तरीही घोट्यापुढे जाऊ देऊ नये, आणि पावसाळ्यात तर पाण्याला पायही लावू नये.

वहिनींनी आधी वाकून पाण्याला नमस्कार केला. मग बोट बुडवून जिभेला लावले आणि हसल्या. खारट असते हे माहीत होते, पण खात्री केली म्हणाल्या. नंतर वाळूवर बसून त्यांनी एक प्रश्न विचारला, "भाऊजी, आपल्याकडचं पाणी पण इथंच येतं का?"

मी म्हणालो, "येतं. बारवी उल्हासला मिळते, आपली वालधुनीसुद्धा कल्याणजवळ उल्हासलाच मिळते. उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात जाते."

वालधुनीचे नाव निघाल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. शिवमंदिराच्या पायाशी वाहणाऱ्या त्या नदीचे काय झाले आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको. पाण्याचा रंग आणि वास आम्ही रोज अनुभवतो. इतकी वर्षे ते पाणी आम्ही 'खाली' सोडत आलो, खाली म्हणजे कुठे ते मात्र कधी बघितले नव्हते. सहकारी थोड्या वेळाने म्हणाला, "पोरांना हे आधीच दाखवायला पाहिजे होतं." मला वाटते, समुद्र पाहिलेला माणूस नदीकडे निराळ्या नजरेने बघतो. पहिल्या भेटीचा हाही एक उपयोग आहे, आणि तो कोणत्याही यादीत नसतो.

म्हणून आमच्या वसाहतीतल्या कारखानदारांना आणि कामगार संघटनांना माझे एक मागणे आहे. पगारवाढीच्या वाटाघाटी होतच असतात. त्यात एक छोटे कलम घाला. वर्षातून एक रविवार, आळीपाळीने, प्रत्येक कामगाराला बदली सुटी म्हणून मिळावी, मुलांच्या शाळेला सुटी असते त्या दिवशी. त्याबदल्यात तो शुक्रवारी येईल, उत्पादन कमी होणार नाही. शाळांनाही सांगावेसे वाटते, की सहल दूरच्या वॉटर पार्कला नेण्याआधी एकदा समुद्रावर न्या. साठ किलोमीटरवर आहे.

आणि हे सगळे होईपर्यंत घरच्यांनी वाट बघत बसू नये. पाहुणे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या बायकोलाही घेऊन जा. दहांतल्या सात ठिकाणांवर काट मारा. ती पुढच्या वेळेला लागतील.

परवा सहकारी रस्त्यात भेटला. घाईत होता. मध्यंतरी एक बदली सुटी मिळाली होती, तेव्हा चौघे पुन्हा मुंबईला जाऊन आले म्हणाला, राणीच्या बागेत. मला बोलावले नव्हते. वाट आता वहिनींना माहीत आहे.