दोन डबे

एडिंबरोहून सुटीवर आलेल्या नातीने बॅग उघडून सर्वांत आधी जो डबा बाहेर काढला, तो आजीसाठी होता. लाल-हिरव्या चौकटींच्या टार्टन कापडाचे चित्र असलेला पत्र्याचा डबा आणि आत शॉर्टब्रेडची बिस्किटे. सांगलीत हळदीची अडत चालविणाऱ्या या कुटुंबात कोणत्याही खाद्यवस्तूचे वेष्टन आधी वाचले जाते आणि मगच उघडले जाते. नातीने ते दुकानात उभ्या उभ्याच वाचले होते. अंडे नव्हते, यीस्ट नव्हते, जिलेटिन नव्हते. पीठ, लोणी, साखर आणि मीठ, एवढाच मजकूर होता.

आजींनी डबा दोन्ही हातांत घेतला, वरचे चित्र चष्मा लावून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "यात लोणी आहे का गं, बाळ?"

लोणी होते. आजींनी डब्याचे कौतुक केले, नातीच्या डोक्यावरून हात फिरविला आणि डबा कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या मुलांपुढे उघडलेला नातीला दिसला. कोणी कोणाला काही बोलले नाही. आजींनी तर मुळीच नाही, आणि तेच नातीच्या मनाला लागून राहिले.

पावभाजीवर लोण्याचा गोळा मागून घेणाऱ्या पिढीला हे चटकन उमगत नाही. परंतु नवनीत म्हणजे लोणी हे मध, मद्य आणि मांस यांच्याबरोबर वर्ज्य मानण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि आजींसारख्या व्रतस्थ स्त्रिया ती कसोशीने पाळतात. या घरात ताक घुसळले जाते, लोणीही निघते; पण ते निघाल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांच्या, म्हणजे दोन घटकांच्या आत कढविले जाते. लोणी घरात येते ते तूप होण्यासाठी. नातीने लहानपणापासून हे रोज पाहिले होते. परदेशातल्या दुकानात वेष्टन वाचताना मात्र तिची नजर अंड्यावर होती, लोण्यावर नव्हती.

वास्तविक शॉर्टब्रेड हा पदार्थ आपल्या घरांना फार जवळचा. स्कॉटलंडमधील त्याचे प्रमाण कोणत्याही मुनीमजींना तोंडपाठ व्हावे असे आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पदार्थ फुगविण्यासाठी काही घालायचे नाही. काही घरांत थोड्या गव्हाच्या पिठाऐवजी तांदळाची पिठी किंवा रवा घालतात. इंग्रजीतील 'शॉर्ट' या शब्दाचा येथे आखूडपणाशी संबंध नाही. त्याचा अर्थ खुसखुशीत. पिठाच्या कणांवर स्निग्धांशाचे आवरण चढले की पाणी आत शिरत नाही, पिठाला चिवटपणा येत नाही आणि पदार्थ दाताखाली विरघळतो. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे शास्त्र ठाऊक आहे. तिने त्याला कधी शास्त्र म्हटले नाही, इतकेच.

भेटवस्तू म्हणूनही त्याला तेथे मान आहे. 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा ओलांडणारा पहिला पाहुणा रिकाम्या हाताने येऊ नये, असा स्कॉटिश लोकांचा संकेत आहे. ऊब राहावी म्हणून तो कोळसा आणतो, शिवाय मीठ आणतो आणि शॉर्टब्रेड आणतो. (मद्यही आणतो, त्याचा उल्लेख येथे एवढाच पुरे.)

नातीने ठरविले, की पुढच्या दिवाळीला येताना डबा आणायचा नाही, येऊन करायचा. आणि साधा नव्हे, सजविलेला. तिच्या वसतिगृहातील मैत्रिणी नाताळात बिस्किटांवर रंगीत साखरेची नक्षी काढून एकमेकींना देत, ते तिच्या डोळ्यांपुढे होते.

येथे तिची खरी परीक्षा सुरू झाली. बिस्किटात जे नसते, ते सजावटीत असते. ती पांढरीशुभ्र, कडक वाळणारी नक्षी परंपरेने अंड्याच्या पांढऱ्या बलकाची असते. गडद लाल रंग ई 120 या क्रमांकाचा असेल, तर तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला असतो. चकाकणाऱ्या साखरेच्या गोळ्यांवर पुष्कळदा ई 904 म्हणजे शेलॅकचा थर असतो; तीही लाखेच्या किड्याचीच देणगी. चांदीचा वर्ख पूर्वापार जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटला जाई. आता यंत्रावर तयार केलेला मिळतो, पण विचारून घ्यावा लागतो. खसखस बहुबीज म्हणून गेली. एडिंबरोच्या खोलीत बसून तिने कागदावर यादी केली आणि एकेक नाव खोडत गेली, तेव्हा कागदावर पिस्ते, बदाम, चारोळी, वेलदोडा आणि केशर एवढेच उरले.

सजावटीने पदार्थाची जात बदलते, हे ब्रिटनच्या करखात्यालाही मान्य आहे, हे व्यापारी वाचकांना ऐकून गंमत वाटेल. तेथे साध्या बिस्किटावर मूल्यवर्धित कर शून्य आहे. पण त्यावर पूर्ण वा अर्धवट चॉकलेटचा थर दिला, की 20 टक्के लागतो. आल्याच्या बिस्किटाच्या बाहुल्याला चॉकलेटचे दोन डोळे काढले तर चालते. त्याला बटणे आणि पट्टा चढविला, की तो करपात्र होतो! उलट शॉर्टब्रेडवर कॅरॅमलचा थर आणि त्यावर चॉकलेट असेल, तर त्या पदार्थाला केकच्या वर्गात घालतात आणि तो पुन्हा करमुक्त ठरतो. आपल्याकडील वस्तू व सेवा कराच्या वर्गवारीवर डोके धरून बसणाऱ्यांना यातून थोडा दिलासा मिळावा.

आजींशी तिचे दूरध्वनीवर बोलणे होई, परंतु बेत तिने सांगितला नाही. आजी मात्र डिसेंबरभर एकच चौकशी करीत: "तिथं दिवस मावळतो कधी?" पावणेचारच्या सुमारास, हे उत्तर ऐकून त्या दरवेळी गप्प होत. एवढ्या लवकर पोरगी जेवते तरी केव्हा, हा हिशेब त्यांना कधीच जुळला नाही.

पुढची दिवाळी आली. लोण्याऐवजी तूप घेणे दिसते तितके सरळ नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच. म्हणून 200 ग्रॅम लोण्याच्या जागी 200 ग्रॅम तूप घातले, तर ते जास्त होते; 160 ग्रॅम पुरते. नातीने भर दुपारी पातळ झालेले तूप तसेच घेतले, आणि ताटलीतली बिस्किटे ओव्हनमध्ये वितळून एकमेकांना चिकटली. तो घाणा कुस्करून घरातल्या मुलांनी दुधाबरोबर संपविला.

दुसऱ्या दिवशी थिजलेले रवाळ तूप घेतले. 100 ग्रॅम पिठीसाखरेबरोबर ते हलके, पांढरट होईपर्यंत फेसले आणि त्यात वेलदोड्याची पूड घातली. पीठ 300 ग्रॅम, तेही बाजारातला मैदा नव्हे. तो कधी दळलेला, हे कोणी सांगावे? दिवाळी चातुर्मासात येते आणि पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची. उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. म्हणून गहू निवडून घरच्या चक्कीवर दळले आणि पीठ वस्त्रगाळ केले. त्यात मूठभर तांदळाची पिठी मिसळली. आईने हे सारे करून दिले आणि आजींना "लेकीला हौस आहे" एवढेच सांगितले.

तरी गोळा लाटताना फुटत होता. त्यात पाणीच नाही, तर तो सांधणार कशाने? दोन चमचे दूध घातले, तर लाटता येईल, फुलापानांचे आकार कापता येतील, असे नातीच्या मनात आले. आईने तिचा हात धरला. पाण्याचा अंश नसलेल्या अशा पदार्थाची मर्यादा पिठाइतकी, तीन दिवस. पाण्याचा अंश मिसळला, की ती आठ प्रहरांवर येते. पाडव्याला केलेले आजींनी भाऊबीजेला खायचे, तर दूध नको. (श्वेतांबर घरांत चातुर्मासात कोरड्या मिठाईचा काळ 15 दिवसांचा मानतात, तेथे हिशेब थोडा सैल बसतो.)

उपाय शेवटी स्कॉटलंडमध्येच सापडला, किंवा माळ्यावर म्हणा. तेथे रंगीत नक्षीची टूम येण्याच्या आधीपासून शॉर्टब्रेड लाकडी साच्यात दाबून करीत आले आहेत. साच्यात त्यांचे राष्ट्रीय चिन्ह असलेले थिसलचे काटेरी फूल कोरलेले असते. कडा चिमटीने मुडपतात आणि काट्याने टोचे मारतात. सजावट अशी सगळी पिठातच असते, त्यावर काही चढवावे लागत नाही. नातीला हे आठवले आणि आईला माळ्यावरचा पेढ्याचा जुना लाकडी साचा आठवला. भुसभुशीत पीठ लाटण्याला दाद देत नव्हते. साच्यात दाबले, तर मात्र घट्ट बसत होते. ठोकून काढल्यावर कमळाच्या पाकळ्या स्वच्छ उमटल्या. मध्ये पिस्त्याची एक काप, भोवती चार चारोळ्या. केशर कोरडे कुटून साखरेतच मिसळले होते, कारण दूध वर्ज्य.

साच्यातून काढलेली बिस्किटे अर्धा तास फ्रिजमध्ये थंड करून मग 160 अंशांवर पंचवीस मिनिटे भाजली. एवढ्याने पाकळ्या मोडल्या नाहीत. रंग चढू द्यायचा नाही. कड किंचित बदामी दिसली, की ताटली बाहेर काढावी. गरम असताना बिस्किटे इतकी मऊ असतात, की कच्ची राहिली असे वाटून नवशिकी पुन्हा आत सारते आणि करपविते. त्यांना हात न लावता पूर्ण निवू द्यावे.

चोखंदळ वाचक म्हणतील, ही तर नानखटाईच झाली. झालीच. दिवाळीआधी तूप, साखर, पीठ डोक्यावर घेऊन बेकरीत भाजून आणण्याची पद्धत गावोगाव होती. त्याच भट्टीत अंड्याचे पदार्थ भाजतात म्हणून या घरातून कोणी जात नसे. त्यामुळे आजींनी आयुष्यात नानखटाई कधी चाखली नव्हती, हे घरातल्या कोणाला ठाऊकच नव्हते.

भाऊबीजेच्या दिवशी चार वाजता नातीने स्टीलचा डबा आजींपुढे ठेवला. आजींनी झाकण उघडले, एक बिस्किट उचलून उलटसुलट पाहिले.

"लोणी?"

"नाही, आज्जी. तू कढवलेलं तूप."

"पीठ?"

"परवा दळलेलं. पाणी नाही, दूध नाही."

आजींनी घड्याळाकडे पाहिले, खिडकीतून उन्हाकडे पाहिले, आणि बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. मग उरलेला अर्धा. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "साखर जरा कमी चालली असती," आणि दुसरे घेतले.

तिसऱ्या दिवशी, मर्यादा संपण्याच्या आत, डब्यात चार उरली होती. त्यांतली दोन आजींनी मिरजेच्या बहिणीकडे माणूस पाठवून पोहोचती केली आणि सोबत निरोप दिला, की आजच खा. टार्टनच्या चित्राचा तो पहिला डबा आता अडतीच्या गादीवर असतो. त्यात रबरी शिक्के आणि टाचण्या ठेवतात.