उरलेल्या रंगांची गोधडी

आईने कापड रंगवणे थांबवले, त्याला आता तीन वर्षे झाली. हातांचा कंप वाढला आणि उकळत्या रंगाचे पातेले शेगडीवरून उतरवणे धोक्याचे झाले. ट्रंकेत मात्र तिने रंगवलेल्या सुती कापडाचे तुकडे उरले होते: मंजिष्ठेचा तांबडा, डाळिंबाच्या सालीचा पिवळसर, निळीचा गर्द निळा, हिरड्यात भिजवून लोखंडाच्या पाण्यात बुडवलेला करडा. तिच्या नकळत त्यांची गोधडी शिवावी, असे मी ठरवले. मांडलेले चौकोन पाहून ती एवढेच म्हणाली, "माझे कापड कापलेस, आणि मला विचारलेसुद्धा नाहीस."

वृद्धांची सेवा करताना आपण नेमके येथेच चुकतो. हातून काम होत नाही, म्हणजे त्या कामातील निर्णयही त्यांना झेपणार नाही, असे आपण गृहीत धरतो. मी सारे तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिने प्रथम हळदीचे तुकडे बाजूला काढले. "हळद उन्हात टिकत नाही. हे खालच्या बाजूला लाव." मी तेच नेमके मध्यभागी मांडले होते.

गोधडीचे काम वाटून घेण्याजोगे असते. रंगांची निवड, तुकड्यांची जुळणी, कडा दुमडणे, धावदोरा घालणे, यांपैकी ज्याला जे साधेल ते त्याच्याकडे द्यावे.

आरंभी रंगांची पारख करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक तुकडा घासून पाहावा. निळीचा तुकडा कोरड्या फडक्यानेही घासावा. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तुकडा धुवावा, तरीही उतरला तर तो वगळावा.

मापही अंथरुणावर झोपणाऱ्या व्यक्तीस अनुसरून असावे. तीन फूट रुंदीच्या पलंगासाठी साडेचार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब गोधडी पुरते. दोन्ही बाजूंस पाऊण फूटच कापड लोंबते आणि उठताना पायांत अडकत नाही. सात इंचांचे चौकोन कापून चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत सोडला, तर सहा इंचांचा चौकोन उरतो. असे नऊ चौकोनांच्या तेरा ओळी, म्हणजे एकूण ११७ चौकोन लागतात. आत जुन्या, मऊ सुती साडीचा एक थर आणि खाली दुसरा, एवढे पुरे. जड गोधडी अंगावर असता कूस बदलणे अशक्त माणसाला कठीण जाते. शिवाय ओली झाल्यावर ती पिळणेही घरच्यांना अवघड होते. धावदोरा कडेपासून आत घालत न्यावा. धुताना थंड पाणी व सौम्य साबण वापरून गोधडी सावलीत वाळवावी.

ज्येष्ठांच्या हाती सुई द्यायची असेल, तर मोठ्या नेढ्याची द्यावी. सकाळीच पाच-सहा सुयांत दोरा ओवून ठेवावा. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या डावीकडून प्रकाश यावा. दर वीस मिनिटांनी हात सैल सोडून विश्रांती घ्यावी. बोटे दुखू लागताच काम थांबवावे. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना सुई टोचलेली कळत नाही. त्यांच्याकडे जुळणीचे काम सोपवावे. विस्मरणाचा त्रास असल्यास कात्री सेवेकऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. उठण्यापूर्वी सुया मोजाव्यात. अंथरुणात राहिलेली एक सुईही घातक ठरते.

आमच्या तेरापैकी आठ ओळी झाल्या आहेत. दुपारी आई खुर्चीत बसून पुढचा तुकडा बोटाने दाखवते आणि मी शिवते. कधी लावलेला तुकडा ती उसवायला सांगते. पूर्वी मला याचा कंटाळा आला असता. आता मी निमूटपणे उसवते. कापड तिचे आहे.