मुदत संपलेले प्रमाणपत्र

पेढीची खाती घरच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कुटुंबाला एखाद्या सकाळी ब्राउझर इशारा देतो : सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. घाईत ‘तरीही पुढे जा’ दाबले जाते. मुदतीपेक्षा ही सवय अधिक घातक होय. प्रमाणपत्र म्हणजे समोरचा सर्व्हर आपलाच असल्याची ग्वाही; उद्या मध्ये कोणी तोतया उभा राहिला, तरी इशारा असाच दिसेल आणि सवयीने पासवर्ड त्याच्या हाती जाईल.

‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ९० दिवसांची प्रमाणपत्रे विनामूल्य देते. मुदतीची आठवण देणारे ईमेल मात्र तिने जून २०२५ मध्ये बंद केले. म्हणून नूतनीकरण ‘सर्टबॉट’सारख्या आज्ञावलीवर सोपवावे. ते अडले असल्यास सर्व्हरचे घड्याळ आणि राउटरवरील पोर्ट ८० चा मार्ग तपासावा. नवे प्रमाणपत्र मिळताच वेब सर्व्हर रीलोड करावा. अन्यथा तो जुनेच दाखवत राहतो. अखेरीस नूतनीकरणाची चाचणी घ्यावी आणि पुढील तारीख रोजमेळात टिपावी.

हुंडीची मुदत न चुकवणाऱ्या घराण्यांना ही मुदत सांभाळणे कठीण नाही.