तारीख गेलेला माल वारकऱ्याच्या पिशवीत नको

पंढरपूरच्या व्यापारी बांधवांना, वारीत अन्नदान करणाऱ्या मंडळांना आणि वारीला येणाऱ्या प्रत्येक माउलीला हे आवाहन आहे.

आषाढी जवळ आली की आपल्या गावात मालाच्या गाड्या यायला लागतात. नवं मोठं मार्ट असो, प्रदक्षिणा मार्गावरचं किराणा दुकान असो की महाद्वाराजवळचं प्रासादिक वस्तूंचं दुकान असो, सगळीकडे बिस्किटं, फरसाण, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाणा आणि भगर यांची खोकी रचली जातात. यात्रा चांगली भरली तर माल संपतो. पाऊस लागला किंवा गर्दी लवकर पांगली तर तो उरतो. आषाढी ते कार्तिकी चार महिन्यांचं अंतर आहे. ज्या पुड्याची मुदतच तीन-चार महिन्यांची, तो आषाढीला उरला तर कार्तिकीला विकण्यासारखा राहत नाही. तरीही तो कुठे ना कुठे फळीवर दिसतो.

असं का होतं, हे आपण पंढरपूरकरांनी स्पष्ट बोलायला हवं. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला कुबट फरसाण विकलं तर ते संध्याकाळी पुडा घेऊन दुकानात परत येतं आणि चार लोकांसमोर जाब विचारतं. वारकरी द्वादशीला उपवास सोडून गावाकडची एसटी धरतो. पुडा उघडतो तो घरी पोचल्यावर. वास आला तर टाकून देतो. त्याच्याकडे बिल नसतं, दुकानाचं नाव त्याच्या लक्षात नसतं, आणि पंढरीहून आणलेल्या वस्तूबद्दल तक्रार करायला त्याचं मनही धजत नाही. म्हणूनच ‘यात्रेत खपून जाईल’ असं म्हणायची हिंमत होते. जो परत येऊन भांडणार नाही, त्याच्या बाबतीत जास्त जपायला हवं. आपण उलटं करतो.

आता जबाबदारी कोणाची? दुकानदार म्हणतो, कंपनी एक्स्पायरीचा माल परत घेत नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, आम्ही माल दिला तेव्हा तारीख होती. कंपनी म्हणते, पाकिटावर सगळं छापलंय, गिऱ्हाइकाने वाचायचं. कायदा मात्र या टोलवाटोलवीत पडत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यातल्या कलम २७ मध्ये प्रत्येकाचा वाटा वेगळा सांगितला आहे. मुदत संपल्यावर माल पुरवला तर घाऊक व्यापारी आणि वितरक जबाबदार. मुदत संपल्यावर विकला तर विक्रेता जबाबदार. माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तरी तो जबाबदारच. म्हणून खरेदीची पक्की बिलं जपून ठेवणं दुकानदाराच्याच हिताचं आहे. असुरक्षित अन्नाने कोणाचा जीव गेला, तर कलम ६५ प्रमाणे वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाई द्यावी लागते. गिऱ्हाइकाने तारीख वाचली नाही म्हणून विकणारा सुटतो, असं या कायद्यात कुठेही नाही.

मोठ्या नावाची, एसी लावलेली दुकानं यातून सुटतात असंही समजू नका. जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावीतल्या, घरपोच किराणा देणाऱ्या ‘झेप्टो’ कंपनीच्या गोदामाचा अन्न परवाना निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी आढळली होती आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नव्हता. यातली दुसरी गोष्ट प्रत्येक दुकानदाराने मनावर घ्यावी. तारीख गेलेला माल दुकानात सापडणं एकवेळ समजू शकतं. तो विकायच्या मालाच्या शेजारी ठेवलेला सापडणं हा निष्काळजीपणा आहे, कारण गर्दीच्या वेळी पोऱ्याचा हात त्याच्यावरच पडतो.

तारखेइतकीच साठवण महत्त्वाची आहे, आणि आपल्या गावात हे भगरीच्या बाबतीत सगळ्यांत जास्त खरं आहे. आषाढी एकादशी भर पावसाळ्यात येते. भगर हवेतली ओल धरते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार होतात, असा इशारा अन्न व औषध प्रशासन वेळोवेळी देत आलं आहे. सुटी भगर आणि भगरीचं सुटं पीठ घेऊ नका, असंही ते सांगतं. २० फेब्रुवारी २०२४ ला बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. झाडांना दोऱ्या बांधून रस्त्यावर सलाईन लावावी लागली. आपल्या पंढरपुरातही अलीकडच्याच एका माघ वारीत एका मठात भगर-आमटी खाऊन शंभरावर भाविकांना विषबाधा झाली होती. एकादशीला एकाच पोत्यातली भगर शेकडो पानांवर जाते. पोतं खराब निघालं तर सगळी पंगत अंथरुणाला खिळते.

माउलींनो, तुम्ही एवढं करा. पाकीट हातात घेतल्यावर किंमत बघायच्या आधी तारीख बघा. अक्षर बारीक असेल, इंग्रजी वाचता येत नसेल, तर शेजारच्या शिकलेल्या पोराला विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलं असेल तर त्या तारखेनंतर ती वस्तू विकणं चूकच आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोपर्यंत चव आणि दर्जा टिकतो. त्यानंतर वस्तू लगेच विषारी होते असं नाही, पण पूर्ण पैसे मोजून ती का घ्यायची? तारखेवर दुसरा स्टिकर चिकटवला असेल, आकडे पुसट किंवा घासलेले दिसत असतील, तर ते पाकीट खाली ठेवा. एकावर एक फुकट मिळत असेल तर तारीख दोनदा बघा. पुडा फुगलेला असेल किंवा भगरीला कुबट वास येत असेल, तर तारीख पुढची असली तरी घेऊ नका. पेढे सुटे घेणार असाल तर कधी केलेत हे विचारा आणि खव्याची वस्तू चार दिवस पिशवीत ठेवू नका.

बिल मागा. छोट्या खरेदीचंही मागा. बिलावर दुकानाचा १४ आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक असायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. फसवणूक झाली तर पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गावी परत गेल्यावरही तक्रार करता येते. घेतलेली वस्तू प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा हक्कही कायद्याने दिला आहे. खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं आणि शुल्क भरायचं. वस्तू सदोष निघाली तर ते शुल्क परत मिळतं. तुमची एक तक्रार पुढच्या वारीत दुसऱ्या कोणाचं तरी पोट वाचवेल.

अन्नदान करणाऱ्या मंडळांना हात जोडून सांगणं आहे. पालखी मार्गावर वाखरीपर्यंत बिस्किटं, पाणी, लाडू वाटणारे तुमचे हात फार मोठं काम करतात. पण याच काळात मुदत संपत आलेला माल निम्म्या भावात देणारेही भेटतात. घेऊ नका. आपल्या घरच्या मुलाला जे पाकीट देणार नाही, ते दिंडीतल्या म्हातारीच्या हातावर ठेवणं हे दान होत नाही. पैसे कमी असतील तर कमी वाटा. खोकी उघडल्यावर तारीख बघायला दोन माणसं बसवा.

दुकानदार बांधवांनो, तुमची अडचण खोटी नाही. स्कीमच्या नावाखाली जास्तीचा माल गळ्यात मारला जातो आणि उरला की कोणी उचलत नाही. पण ते भांडण डिस्ट्रिब्युटरशी करायचं आहे, आणि ते माल घेतानाच करायचं आहे. परतीची अट बिलावर लिहून घ्या. एकटा दुकानदार मागेल तर ऐकणार नाहीत. व्यापाऱ्यांनी एकत्र मागितलं तर ऐकावं लागेल. ज्याची तारीख आधी संपते तो माल पुढे लावा. आठवड्यातून एक दिवस ठरवून फळ्या तपासा. तारीख गेलेल्या मालासाठी वेगळं खोकं ठेवा, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि तो परत जाणार नसेल तर फोडून नष्ट करा. त्यात होणारं नुकसान तुमच्या नावापेक्षा स्वस्त आहे.

प्रशासनाकडेही मागणं आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची तपासणी यात्रा भरल्यावर नको, तिच्या पंधरा दिवस आधी व्हावी, म्हणजे खराब माल वारकऱ्याच्या हाती जाण्याआधी बाहेर निघेल. कार्तिकीच्या आधीची तपासणी तर टाळूच नये, कारण आषाढीचा उरलेला माल तेव्हाच फळीवर येतो. नगरपरिषदेने आणि मंदिर समितीने दर्शन रांगेत तक्रारीचा क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा. कानडी आणि तेलुगू बोलणारे भाविक येतात, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतही लावावा.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, पण सुरुवात आजच करता येते. दुकान असेल तर आज रात्री शटर ओढायच्या आधी एक फळी पूर्ण तपासा. मंडळ असेल तर पुढच्या बैठकीत तारीख बघणाऱ्या दोघांची नावं ठरवा. वारीला येणार असाल तर १८००-२२२-३६५ हा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि दिंडीतल्या चार जणांनाही द्या.