५ लाखांचे कार्ड आणि ओपीडीची रांग

शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर नेले आणि ते राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुले केले. योजनेला नाव फुल्यांचे आहे, तर प्रश्नही फुल्यांच्या बाण्याने विचारू. यात मानसिक रुग्णाला काय मिळते?

ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्याची. मानसिक आजाराचा उपचार बहुतेक वेळा ओपीडीत चालतो. महिनोन्महिने गोळ्या, समुपदेशन, पाठपुरावा. नाक्यावरचा मजूर प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो. हा खर्च कार्डात बसत नाही.

म्हणून वस्त्यांत काम करणाऱ्या समुपदेशकांनी, कार्यकर्त्यांनी कार्डांची शिबिरे भरवून थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचून काढावा. त्याचे कलम १८ उपचारात जातीवरून भेदभावाला मनाई करते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, बीपीएल कार्ड नसले तरी, सरकारी ठिकाणी मोफत उपचाराचा हक्क देते. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत यादीतली अत्यावश्यक औषधे मोफत मिळाली पाहिजेत, हेही त्यात आहे.

"योजनेत बसत नाही" म्हणून रुग्णाला परत पाठवले, तर कलम १८ दाखवा, नकार लेखी मागा, नोंद ठेवा. अशा दहा नोंदी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एकत्र जा. योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच बदलते. कायद्याने दिलेला हक्क कोणी तोंडी नकाराने काढून घेऊ शकत नाही.

जय भीम!