बचतीच्या नावाने घेतलेली गाडी

चिंतनासाठी वाचन : लूककृत शुभवर्तमान १४:२८-३०



आगमनकाळ सुरू झाला आहे. आपण घरोघरी गोठ्याची तयारी करतो आहोत, मुले ताऱ्याच्या काड्या बांधत आहेत. शोरूमवाल्यांचाही हाच हंगाम. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळी त्यात गेली आणि आता वर्षअखेरची सूट लागली आहे. साहजिकच रविवारी मिस्सा संपली की देवळाच्या आवारात गाड्यांचीच चर्चा. त्या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते : “जुनी सांभाळण्यापेक्षा नवी घेतलेली परवडते हो, पैसेच वाचतात.”

आमचे भांडण या एका वाक्याशी आहे. गाडीशी नाही आणि गाडी घेणाऱ्याशी तर मुळीच नाही. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी, फादरांकडून आशीर्वादाचे पाणी शिंपडून घ्यावे, पेढे वाटावेत, आम्हीही आनंदाने खाऊ. पण आठ लाख रुपये खर्च करायला निघालेल्या माणसाने “मी बचत करतो आहे” म्हणावे, हे आम्हाला मान्य नाही. खर्चाला खर्च म्हणावे.

प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून हिशेब करावा, पाया घालून काम अडले तर लोक हसतील, असा त्याचा आशय. प्रभू तिथे शिष्यपणाची किंमत सांगत होता हे खरे. पण उदाहरण त्याने घेतले ते घरगुती शहाणपणाचे, कारण ऐकणाऱ्यांना ते पटणारच होते. ‘आधी बसून’ हे शब्द आम्हाला मोलाचे वाटतात. शोरूमच्या सोफ्यावर, हातात थंड पेला घेऊन केलेला हिशेब त्यात बसत नाही. घरी, पाटावर, बायकोला शेजारी घेऊन करायचा तो हिशेब. चला, एकदा करूनच पाहू.

सांबऱ्याहून बेळगावात रोज कामाला जाणारा आपला एखादा भाऊ घ्या. येऊन-जाऊन वीस-बावीस किलोमीटर, रविवारची मिस्सा, कधी एखादे लग्नकार्य, मिळून महिन्याला ६०० किलोमीटर धरू. जुनी गाडी लिटरला १२ देते, नवी २० देईल असे सेल्समन सांगतो. त्याचे खरे मानू. जुनीला ५० लिटर लागतात, नवीला ३०. पेट्रोल शंभर रुपये धरले तर महिन्याला २,००० रुपये वाचले. जुनीच्या दुरुस्तीवर वर्षाला २४,००० जातात असे धरू, म्हणजे महिन्याला आणखी २,०००. नवीला सर्व्हिसिंगचा एक पैसा लागणार नाही असेही मानू, इतके उदार होऊ. एकूण बचत महिन्याला ४,०००.

आता दुसरी बाजू. जीएसटी उतरण्याआधी सात लाखांना मिळणारी लहान पेट्रोल गाडी आज सुमारे ६ लाख ४० हजारांना मिळते. साठ हजार वाचले, बरोबर. पण कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीवर १४ टक्के रोड टॅक्स आहे आणि त्या करावर ११ टक्के सेस. म्हणजे जवळपास एक लाख तिथेच गेले. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो. सगळे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत पावणेआठ लाखांच्या घरात जाते. पावणेदोन लाख हातचे घातले आणि सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता साधारण ९,८०० रुपये. सात वर्षांत फेडायचे सव्वाआठ लाख. त्यातले सव्वादोन लाख निव्वळ व्याज.

वाचतात ४,०००, जातात ९,८००. दर महिन्याला ५,८०० रुपये खिशातून जास्तीचे. सात वर्षांत हीच रक्कम पावणेपाच लाखांच्या वर जाते, आणि सुरुवातीचे पावणेदोन लाख वेगळे.

“पण शेवटी गाडी उरते ना?” असे कोणी विचारील. उरते. पण केवढी उरते? विमा कंपन्यांचा तक्ता बघा. पहिले सहा महिने संपले की वर्षाच्या आतच किंमत १५ टक्क्यांनी कमी धरतात, पाच वर्षांनी निम्मी. म्हणजे गाडी निम्म्यावर आलेली असते आणि हप्ते अजून दोन वर्षांचे बाकी असतात. सात वर्षांनी ती विकून दोन-अडीच लाख आले असे धरले तरी चार लाखांचा खड्डा भरत नाही. एवढ्या पैशात जुन्या गाडीचे इंजिन एकदा नव्हे, अनेकदा बांधून होईल.

वर्षअखेरच्या सुटीचेही तेच. डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारी उजाडताच ‘मागच्या वर्षीचे मॉडेल’ होते. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आरसीवरचे वर्ष आधी बघते. दुकानदार आज जे सोडतो त्यातले काही तुम्ही उद्या सोडणार असता.

मोबाइलवर आणखी एक भीती फिरते : पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात. वयावरून गाड्या बंद करण्याचे ते नियम दिल्लीच्या परिसरातले. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत उतरली की शुल्क आणि हरित कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून मिळते. ते शुल्क एका हप्त्यापेक्षाही कमी आहे. भीतीपोटी कर्ज काढू नका.

मग नवी गाडी कधीच परवडत नाही का? परवडते. सांबरा विमानतळावर भाडे मारणाऱ्या भावाचा हिशेब वेगळा आहे. तो महिन्याला तीन हजार किलोमीटर चालवतो. बाराच्या अॅव्हरेजने त्याचे पेट्रोल २५,००० रुपयांचे होते. किलोला २५ देणारी सीएनजी घेतली आणि सीएनजी नव्वद रुपये धरला, तर खर्च ११,००० च्या आत येतो. हप्ता भरून चार हजार उरतात. त्याची गाडी त्याला पोसते, म्हणून त्याने घ्यावी. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीला आपण पोसतो. हा फरक विसरून त्याची गणिते आपल्या दारात लावू नयेत.

घरात म्हातारी आई आहे, तिला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागते, जुन्या गाडीचा भरवसा राहिला नाही, ही कारणेही खरी आहेत. ती जशी आहेत तशी सांगावीत. अशा घराने चार-पाच वर्षे वापरलेली, चांगल्या मेकॅनिककडून तपासून घेतलेली गाडी बघावी. किंमत सर्वांत वेगाने उतरते ती पहिली वर्षे दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असतात. आणि रोजच्या बाजाराला, शाळेला आपल्या आयाबहिणींसाठी ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत परिवहनची साधी बस फुकट आहे. बसला गर्दी असते, वेळेचा भरवसा नसतो, सगळे कबूल. पण बचत हाच मुद्दा असेल तर शून्य रुपयांहून स्वस्त काय असणार?

आपल्या सीमाभागात बचतीची आणखी एक वाट काढलेली आहे. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा कर कमी. बारा लाखांच्या गाडीला इकडे करापोटी सव्वादोन लाखांवर जातात, तिकडे दीड लाखाच्या आत. मग पाहुण्याचा पत्ता घालायचा, एमएच-०९ ची पाटी लावायची आणि गाडी कायम बेळगावात फिरवायची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हा कायदा आहे. कोणी म्हणतात, आम्ही मनाने महाराष्ट्राचेच. असाल. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल आरटीओच्या फॉर्मवर खोटा पत्ता घालून लागत नाही. कैसराचे कैसराला द्यावे, ही प्रभूची शिकवण आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. तीच मुले मागच्या सीटवर बसलेली असतात.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलणे पाप, हे आपल्याला ठाऊक आहे. पण घरच्यांपुढे आणि स्वतःपुढे दिलेली खोटी साक्षही घर पोखरते. “हौस आहे” म्हटले तर घर विचारील : यंदाच हवी का? लहान चालेल का? “बचत आहे” म्हटले की कोणाला विचारायची सोयच राहत नाही, कारण बचतीला नाही कोण म्हणणार? मग डाउन पेमेंटसाठी घरातले सोने गहाण पडते. आरोग्यविम्याचा हप्ता पुढच्या महिन्यावर जातो. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी सोसायटीचे कर्ज काढावे लागते आणि पॅरिशमधल्याच कोणा गरीब भावाला जामीन राहायला सांगितले जाते. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात दोन इशारे आहेत : ऋणको सावकाराचा दास होतो, आणि जामिनाच्या अंगाखालचे अंथरूणही जाऊ शकते. दारात उभी असलेली चकचकीत गाडी सर्वांना दिसते, ते अंथरूण दिसत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ६ जुलै २०१३ रोजी रोममध्ये धर्मगुरू व धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्या तरुणांना सांगितले होते की, धर्मगुरू किंवा सिस्टर अगदी नव्या मॉडेलच्या गाडीत दिसले की मनाला यातना होतात. गाडी लागते, पण साधी घ्या, असा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी इटलीतल्या एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना आपली १९८४ ची रेनो-४ भेट दिली. तीन लाख किलोमीटर चाललेली ती गाडी पोपमहाशयांनी आनंदाने स्वीकारली आणि स्वतः चालवून पाहिली. सामान्य कुटुंबाला पोपसारखे राहा असे आम्ही म्हणत नाही. जुन्या गाडीतून देवळात येण्यात कमीपणा नाही, एवढेच म्हणतो.

तेव्हा या आगमनकाळात एक करा. शोरूमला जायच्या आधी एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर घरातल्या सर्वांना बसवा. कागदावर दोन रकाने आखा : काय वाचणार, काय जाणार. आकडे स्वतःच्या गाडीचे, स्वतःच्या पगाराचे घाला. दुसरा रकाना मोठा निघाला आणि तरीही गाडी हवीच असेल, तर सर्वांसमक्ष म्हणा, “ही आपली हौस आहे, आणि तिची किंमत इतकी आहे.” खरे बोलून घेतलेल्या गाडीला आशीर्वाद मागताना जीभ अडखळणार नाही.

प्रार्थना : हे प्रभू, तू गोठ्यात जन्मलास. आम्हाला आमचा हिशेब खरा मांडायची बुद्धी दे, हवे आणि लागते यांतला फरक ओळखायचा विवेक दे, आणि आमच्या हौसेचे ओझे आमच्या लेकरांवर आणि शेजाऱ्यांवर पडू देऊ नकोस. आमेन.