सळईची तपासणी आणि तपासणाऱ्या यंत्राची तपासणी

व्यापाऱ्याच्या पेढीवर तराजूला जो मान असतो, तो दुसऱ्या कोणत्याही वस्तूला नसतो. ठराविक मुदतीने सरकारी निरीक्षकाकडून वजनेमापे पडताळून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि ही सक्ती आपल्यापैकी कोणाला जाचकही वाटत नाही. परंतु लोखंड, पोलाद व ओतीव माल ह्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. गिऱ्हाईक पैसे मोजते ते वजनाचे, पण घर बांधते ते मालाच्या बळावर. वजनासाठी तराजू आहे, तद्वतच बळासाठी चाचणी-यंत्र आहे. असे असता ह्या दुसऱ्या तराजूच्या खरेपणाविषयी आपण जवळजवळ उदासीन असतो. ही उदासीनता टाकून दिली पाहिजे, हेच ह्या लेखाचे प्रयोजन होय.

ह्या विद्येचा इतिहास बोधप्रद आहे. डेव्हिड किर्काल्डी ह्या स्कॉटिश अभियंत्याने १८७४ साली लंडनमधील सदर्क स्ट्रीट येथे आपली परीक्षणशाळा थाटली आणि दारावर ‘तथ्ये, मते नव्हेत’ ह्या अर्थाचे शब्द कोरविले. तेथील प्रचंड यंत्र लीड्स येथील कारखान्यात घडविलेले होते. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसह कोसळला, तेव्हा त्याचे भग्न अवशेष ह्याच शाळेत तपासण्यात आले. खांबांना आधार देणारे ओतीव लोखंडाचे कान अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भाराला तुटतात, असे त्या परीक्षेत दिसून आले. ही परीक्षा पूल उभारण्यापूर्वी झाली असती तर ती निरोगी मालाची निवड ठरली असती. नंतर झाली म्हणून ती केवळ शवचिकित्सा ठरली.

आज आपल्या परिसरातही चाचणी-यंत्रे दुर्मिळ राहिलेली नाहीत. बेळगावपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत ती तयार होतात. मात्र यंत्र विकत घेणे निराळे आणि खरी परीक्षा करणे निराळे. यंत्राच्या भव्य सांगाड्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण निकाल खरा की खोटा हे ठरते ते सळई पकडणाऱ्या जबड्यांवर, लांबी मोजणाऱ्या उपकरणावर आणि पडताळणीच्या दाखल्यावर. खर्चाची काटछाट मात्र नेमकी ह्या किरकोळ दिसणाऱ्या साहित्यातच केली जाते.

उदाहरणादाखल १२ मिलिमीटर व्यासाची, एफई ५०० डी प्रतीची सळई घेऊ. तिचा छेद सुमारे ११३ चौरस मिलिमीटर असतो. दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ह्या हिशेबाने तिने कायमची ताणली जाण्यापूर्वी सुमारे पावणेसहा टन भार सोसला पाहिजे. पुष्कळ सळयांत ही मर्यादा ठळकपणे दिसत नाही. म्हणून लांबीत शेकडा ०.२ इतकी कायमची वाढ कोणत्या भाराला होते, हे पाहावे लागते. ६० मिलिमीटर लांबीवर ही वाढ अवघी ०.१२ मिलिमीटर भरते. ती टिपण्यासाठी सळईला एक्स्टेन्सोमीटर नावाचे नाजूक उपकरण लावतात. ते न लावता यंत्राचा आडवा दांडा किती सरकला एवढ्यावरच कोणी अनुमान काढले, तर दाते झिजलेल्या जबड्यांतून सळई घसरते ते अंतरही त्यात मिसळते; आणि ते ०.१२ मिलिमीटरच्या कितीतरी पट असू शकते. जबडे सळईच्या व्यासाला योग्य नसतील अथवा एका रेषेत नसतील, तर सळई वाकडी ओढली जाऊन जबड्याच्या तोंडाशीच तुटते. अशा वेळी चांगला माल वाईट ठरतो.

तुटल्यावरची वाढ मोजण्याचेही असेच आहे. ह्या प्रतीला वाढ किमान शेकडा १६ लागते, साध्या एफई ५०० ला १२ पुरते. ६० मिलिमीटर लांबीवर ह्या दोहोंतील अंतर २.४ मिलिमीटर एवढेच. दोन तुकडे नीट न जुळवता कोणी घाईने माप घेतले, तर एक प्रत सहज दुसरी म्हणून खपते. भूकंपाच्या वेळी इमारत वाकून तग धरते की एकदम मोडते, हे पुष्कळसे ह्या वाढीवर अवलंबून असते.

उद्यमबागेतील ओतकामाच्या व्यवसायातील बंधूंना कठिणतेच्या परीक्षेचा परिचय आहेच. १९०० साली ब्रिनेल ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १० मिलिमीटरची गोळी ३,००० किलोच्या भाराने दाबतात आणि उमटलेल्या खळीचा व्यास मोजतात. खळी ४.०० मिलिमीटर भरली तर अंक २२९ येतो, ४.१० भरली तर २१७. केसाएवढ्या फरकाने बारा अंक जातात! गोळी चेपलेली असेल वा मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची काच धूसर असेल, तर दाखल्यावरच्या अंकाला काय अर्थ उरला? ह्यासाठीच ज्ञात कठिणतेचा प्रमाण-ठोकळा जवळ ठेवून यंत्र वारंवार ताडून पाहावयाचे असते.

कोणी म्हणेल, “कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर येते, मग हा खटाटोप कशाला?” आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. ते प्रमाणपत्र विशिष्ट हीट नंबरच्या मालापुरते असते. गोदामात दोन खेपा एकत्र झाल्या, पट्टी गळून पडली, की कागद एका मालाचा आणि सळई दुसऱ्याची अशी अवस्था होते. दुसरा आक्षेप खर्चाचा. एकट्या दुकानदाराला तो झेपणार नाही हे खरे; म्हणूनच तर संघ असतो.

तेव्हा माझ्या नम्र सूचना अशा. प्रत्येक पेढीने खेपेची पट्टी व हीट नंबर माल संपेपर्यंत जपून ठेवावा. संघाने सामायिक निधी उभारून अधूनमधून सभासदांच्या मालाचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावेत. दाखला हाती घेताना यंत्राची पडताळणी कधी झाली आणि ते कोणत्या वर्गाचे आहे, हे विचारण्याचा संकोच धरू नये. पहिल्या वर्गाच्या यंत्राच्या भारात शेकडा एकाहून अधिक चूक चालत नाही. आपल्या १२ मिलिमीटरच्या सळईच्या बाबतीत ही मुभा सुमारे ५८ किलोची झाली. आणि संघाने पुढेमागे स्वतःचे यंत्र घेतलेच, तर जबडे, एक्स्टेन्सोमीटर, वार्षिक पडताळणी व शिकलेला माणूस ह्यांची तरतूद आधी करावी, सांगाड्याची मागाहून.

एक परीक्षा तर आजही प्रत्येक दुकानात होऊ शकते. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन दर मीटरला ०.८८८ किलो असावयास हवे, आणि खेपेमागे शेकडा पाच इतकाच फरक मान्य आहे. प्रयोगशाळासुद्धा सळईचा छेद तिच्या वजनावरूनच काढते. म्हणजे बळाच्या परीक्षेची पहिली पायरी आपल्या शिक्का मारलेल्या काट्यावरच आहे!

कॉंक्रीटमध्ये गाडली गेलेली सळई पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिच्याविषयी बोलणारा एकच साक्षीदार मागे राहतो, तो म्हणजे ती विकणाऱ्याचा शब्द. आपल्या वडीलधाऱ्यांनी मापात खोट येऊ न देता हा शब्द कमावला. तो राखावयाचा तर वजनाच्या काट्याइतकीच काळजी बळाच्या काट्याचीही आपण घेतली पाहिजे.